स्मार्टफोनसाठी बिनतारी स्टिरिओ हेडफोन: गाण्याची शिकवणी आणि समुद्रकाठची दमट हवा, दोन्ही सांभाळून कोणते घ्यावेत?

केवडा, गुहागर

नमस्कार. स्मार्टफोनबरोबर वापरण्यासाठी बिनतारी स्टिरिओ हेडफोन घ्यायचे आहेत. नुसते एखाद्या कंपनीचे नाव कळून माझे काम भागणार नाही, म्हणून गरज थोडी सविस्तर मांडते. सवडीने वाचावे, ही विनंती.

आमचे घर समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौले आणि मागच्या पडवीवर पत्रा. मी ख्याल गायन शिकते. आमच्या बाई पुण्यात असतात, त्यामुळे शिकवणी आठवड्यातून दोन संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर होते. शिवाय रोज पहाटे तानपुऱ्याचे ॲप लावून रियाज, रात्री निजण्यापूर्वी तासभर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणे आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा चिपळूणहून रेल्वेने मुंबईला मुलीकडे जाणे, एवढा माझा वापर आहे. फोन अँड्रॉइड, तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्याला हेडफोनची गोल खाच नाही, चार्जिंगची टाइप-सी खाच तेवढी आहे.

आतापर्यंत कानात घालायचे, डबीत चार्ज होणारे इयरबड वापरत होते. त्यांनी धड दोन पावसाळेही काढले नाहीत. गेल्या भाद्रपदात गणपतीच्या धांदलीत ते आठ-दहा दिवस कोनाड्यात पडून राहिले. नंतर डबी उघडली, तर उजव्या कप्प्यातल्या दोन्ही सोनेरी पिनांवर हिरवट थर चढलेला होता. चिंधीने पुसल्यावर थर निघाला, पण उजवा इयरबड त्यानंतर कधीच पुरता चार्ज झाला नाही. ओलाव्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे सांगून सेवा केंद्राने मला परत पाठवले. खोक्यावर पाण्यापासून बचावाचा 'आयपीएक्स ५' हा आकडा ठळक छापलेला होता आणि तेवढ्यासाठीच मी ते निवडले होते, म्हणून ही गोष्ट मनाला फार लागली.

दुसरी अडचण शिकवणीतली आहे. बाईंचा आवाज आणि त्यांचा तानपुरा मला नेहमी चेपल्यासारखा, जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखा ऐकू येतो. बाई गंधार लावून दाखवतात तेव्हा स्वर कळतो, पण त्याचा लगाव, म्हणजे तो लावण्याची ढब, कळत नाही. इथे नेटवर्कची रड कायमचीच, त्यामुळे मी आजवर दोष त्यालाच देत आले. चांगले हेडफोन घेतले तर यात फरक पडेल का?

रक्कम सात ते आठ हजारांपर्यंत ठरवली आहे. कान पूर्ण झाकणारे घ्यावेत की पुन्हा कानात घालायचे? 'एलडॅक' नावाच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? आणि बाहेरचा गोंगाट कमी करणारी जी एएनसी म्हणून यंत्रणा असते, ती पत्र्यावरच्या पावसापुढे टिकते का? रेंजचाही अनुभव कळवावा. माझे जुने इयरबड फोन माजघरात ठेवून पडवीत गेले की तुटक वाजत असत.


खर्जषड्ज, रत्नागिरी

केवडाताई, नमस्कार. भजनी मंडळे आणि नाट्यप्रयोगांसाठी ध्वनिक्षेपणाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. आपल्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते आपली निवड तिच्यावरच ठरणार आहे.

ब्लूटूथवरून आवाज दोन वेगवेगळ्या पद्धतींनी येतो. गाणे ऐकताना फोन 'ए२डीपी' ही पद्धत वापरतो. तिच्यात आवाज फोनकडून हेडफोनकडे एकाच दिशेने जातो आणि डावी-उजवी बाजू वेगळी ठेवून चांगल्या प्रतीचा मिळतो. परंतु ज्या क्षणी एखादे ॲप हेडफोनचा माइक मागते, त्या क्षणी फोन ही पद्धत सोडून 'हँड्स-फ्री' पद्धतीवर जातो, कारण आता आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असतो. या दुसऱ्या पद्धतीत स्टिरिओ राहत नाही. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि सुधारित प्रकारात १६,०००, म्हणजे अनुक्रमे ४ आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे कापले जाते. तुलनेसाठी सांगायचे, तर सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. तानपुऱ्याच्या जवारीचा जो झंकार आपण ऐकतो, किंवा 'आ'कारात गाताना जी उजळ धार असते, तिचा मोठा वाटा या कापलेल्या भागात जातो. स्वर ओळखू येतो, त्याचा पोत मात्र जातो. आपण 'लगाव कळत नाही' असे लिहिले आहे, ते मला तंतोतंत हेच वाटते.

ही गोष्ट हेडफोनच्या किमतीवर अवलंबून नाही. तीस हजारांचे हेडफोनही या पद्धतीवर गेले की असेच वाजतात. म्हणून खरेदीआधी घरी एक तपासणी करा. जुन्या इयरबडपैकी डावा चालू असेल तर तोच कानात घाला आणि तानपुऱ्याचे ॲप लावून मिनिटभर ऐका. मग शेजारी कोणाला तरी दुसऱ्या फोनवर हाच तानपुरा माइकजवळ लावायला सांगून व्हिडिओ कॉल करा, आणि कॉल चालू असतानाच ब्लूटूथ बंद करून आवाज फोनच्या स्पीकरवर घ्या. नेटवर्क तेच, कॉल तोच. तरीही स्पीकरवर तानपुरा अधिक खुला वाटला, तर दोष नेटवर्कचा नाही.

यावर माझ्या अनुभवातला खात्रीचा उपाय जुनाच आहे. शिकवणीपुरती तार लावावी. कान पूर्ण झाकणाऱ्या बऱ्याच बिनतारी हेडफोनना ३.५ मिलिमीटरची किंवा २.५ मिलिमीटरची खाच असते. त्यात केबल लावली की ब्लूटूथचा संबंधच संपतो, आणि रियाज, रात्रीचे ऐकणे व प्रवास यांसाठी तेच हेडफोन बिनतारी वापरता येतात. म्हणून दुकानात गेल्यावर सर्वांत आधी हेडफोन उलटसुलट करून ही खाच आहे का, ते बघा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही याबाबत फरक असतो. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच५२० ला तार लावण्याची सोय नाही, तर त्याच घराण्यातल्या डब्ल्यूएच-सीएच७२०एन ला ती आहे. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे गफलत होते. केबल खोक्यात आहे की वेगळी घ्यावी लागते, तेही विचारून घ्या.

आपल्या फोनला गोल खाच नसल्यामुळे टाइप-सीला लावायचा छोटा ॲडॉप्टर लागेल. तो घेताना आत डिजिटल आवाजाचे रूपांतर करणारी चिप, म्हणजे 'डॅक', असलेलाच घ्यावा. बिनचिपीचे स्वस्त ॲडॉप्टर काही फोनांवर चालतच नाहीत. केबलच्या पिनेकडेही लक्ष द्या. तिच्यावर दोन काळ्या पट्ट्या असतील तर त्या तारेत माइक नाही, तीन असतील तर आहे. आपल्याला दोन पट्ट्यांची हवी, म्हणजे आपले गाणे फोनच्या स्वतःच्या माइकमधून बाईंकडे जाईल, जो हेडफोनच्या माइकपेक्षा बहुधा चांगला असतो.

याच ओघात एक सूचना करतो, कारण ही चूक फार ठिकाणी पाहिली आहे. व्हिडिओ कॉलची ॲपे मागचा गोंगाट आपोआप कापतात आणि तानपुऱ्याचा अखंड एकसारखा नाद त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. मग तानपुरा मध्येच बुडतो, मध्येच वर येतो. झूम वापरत असाल तर त्यात 'ओरिजिनल साउंड' नावाचा पर्याय आहे. तो बाईंनी त्यांच्या बाजूला आणि आपण आपल्या बाजूला चालू करावा.

आता एलडॅकबद्दल. ही सोनीने केलेली आवाज बांधून पाठवण्याची पद्धत आहे. ती सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालते आणि अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत आहे. आयफोनवर ती चालत नाही, तिथे एसबीसी आणि एएसी या तशाच पण साध्या दोन पद्धती. फोन आणि हेडफोन दोघांनाही समान येणारी पद्धतच वापरली जाते, त्यामुळे फोनला येत नसलेल्या पद्धतीचे पैसे हेडफोनमध्ये मोजू नयेत. आपण ऐकता ती जुनी ध्वनिमुद्रणे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेली असतील, तर ती मुळात मोनो आहेत आणि इंटरनेटवर चढवताना पुन्हा आकसलेली आहेत. तिथे एलडॅकने काही सुधारेल, असे मला वाटत नाही. एएसी नीट चालत असेल तर तेवढे पुरे.

त्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते हेडफोनचे मूळ वळण. आजचे बरेचसे हेडफोन खालचा नाद फुगवून देतात. डग्ग्याचा घुमारा सुखद वाटतो, पण तानपुऱ्याचा खर्ज इतका पसरतो की त्याच्याखाली जवारी गुदमरते. दुकानात त्यांचे गाणे ऐकू नका. आपल्या फोनवर तानपुरा, एक स्त्रीस्वर आणि एक विलंबित ठेका घेऊन जा आणि निदान पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर ठेवूनच ऐका. एवढ्या वेळात वजन आणि कानशिलांवरचा दाब दोन्ही कळतात.


सोल्डर, मालवण

मी मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. हिरव्या पिना घेऊन येणारे गिऱ्हाईक दर पावसाळ्यात येतेच, म्हणून त्याबद्दल लिहितो.

आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याच्या धारेला टिकणे. चाचणी साध्या, गोड्या पाण्याने घेतली जाते आणि वस्तू नवी असताना घेतली जाते. 'एक्स'चा अर्थ धुळीची चाचणी नोंदलेली नाही, एवढाच. खाऱ्या हवेबद्दल हा आकडा एक शब्दही बोलत नाही. शिवाय तो बहुधा इयरबडचा असतो, डबीचा नसतो, आणि ताई, आपला बिघाड तर डबीतच सुरू झाला.

तो होतो असा. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पिनांवर बसतात आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. कानातला घाम त्यात भर घालतो. या खाऱ्या थेंबातून पिनांमधल्या विजेचा प्रवाह वाहू लागला की सोनेरी मुलाम्याखालचे तांबे झिजते आणि हिरवे होते. वरचा मुलामा एकदा फुटला की पुसून वेळ निघते, पण पीन पूर्ववत होत नाही. म्हणून हिरवे दिसेपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सुक्या कापसाच्या काडीने पिना आणि डबीचे कप्पे पुसावेत. मळ चिकट असेल तर काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घ्यावा, पण तो जाळीत जाऊ देऊ नये.

कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनचा एक फायदा आमच्या धंद्याच्या नजरेतून सांगतो. त्यांना उघड्या पिना नसतात, टाइप-सीची एकच खाच असते, त्यामुळे झिजायला जागा कमी. मात्र त्यांपैकी बहुतेकांना पाण्याबद्दल कसलाच आकडा नसतो. ते डोक्यावर घालून पावसात जायचे नाही, हे गृहीतच धरावे. आणि खाच ओली असल्याची शंका आली तर चार्जरला अजिबात लावू नये. हात हलका ठेवून पाणी झटकावे, पंख्याखाली रात्रभर ठेवावे. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तांदळाची भुकटी खाचेत बसलेली मी चिमट्याने काढलेली आहे.

त्यांचे दुखणे वेगळे आहे. गाद्यांवरचे जे चामडे असते ते बहुधा चामडे नसून पॉलियुरेथेनचा थर असतो आणि दमट हवेत तो आपोआप विघटित होतो. दीड-दोन वर्षांत काळी फोलपटे कानाला, गालाला चिकटू लागतात. त्यामुळे गाद्या बदलता येतात का आणि त्या मॉडेलच्या गाद्या बाजारात सुट्या मिळतात का, हे घेतानाच बघा. कापडी गादी घामाला बरी, पण बाहेरचा आवाज ती कमी अडवते.

ठेवायला झाकण घट्ट बसणारा डबा घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात पापड-फेण्या ज्या डब्यात ठेवतो, तसाच. आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. पुडीतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग बदलला की पुडी बदला. हेडफोन महिनाभर वापरणार नसाल तर अर्धे चार्ज करून ठेवा. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी तशीच पडून राहिली की पुन्हा उठत नाही.


ऐलतीर, रत्नागिरी

कामासाठी मी कोकण रेल्वेने नेहमी मुंबईला जातो-येतो. वर तारेचा आणि हवेचा विचार झाला आहे, मी फक्त एएनसीचा अनुभव लिहितो.

एएनसीमध्ये हेडफोनच्या बाहेर बसवलेला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या उलट लहर तयार करून ती कानात सोडतो. दोन लहरी एकमेकींना खोडतात. हे गणित खालच्या पट्टीतल्या, एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर उत्तम बसते. डब्याच्या चाकांची खालची घरघर, एसटीच्या इंजिनाचा थरथराट, पंखा, घरातला पंप, हे सगळे जवळजवळ नाहीसे होते. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यात गाडी शिरली की उघड्या खिडकीच्या डब्यात शेजारच्याशी बोलता येत नाही. तिथे एएनसी चालू ठेवून मी आवाज न वाढवता ऐकू शकतो. मात्र गुंजारव गेला तरी रुळांची खडखड आणि फेरीवाल्याची हाळी ऐकू येतेच.

पत्र्यावरच्या पावसाचे उत्तर याच्यातच आहे. तो आवाज खालच्या पट्टीपासून अगदी वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला, असंख्य थेंबांचा तडतडाट असतो. खालची बाजू एएनसी कापेल, पण तडतड अडवायची ती कानाभोवती घट्ट बसलेल्या गादीने. आमच्याकडेही स्वयंपाकघरावर पत्रा आहे. आषाढातल्या मोठ्या सरीत एएनसी चालू आणि बंद यांत मला फरक जाणवतो, पण गादी नीट बसलेली आणि किंचित उचललेली यांतला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. आपण चष्मा वापरत असाल तर तो लावूनच हेडफोन तपासा. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते, आणि पाऊसही तिथूनच शिरतो, खर्जही तिथूनच गळतो. कौलांखालच्या खोलीत बसून शिकत असाल तर निव्वळ पावसासाठी एएनसी घेऊ नये, प्रवासासाठी मात्र जरूर घ्यावी, असे माझे मत आहे.

रेंजबद्दल थोडेसे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि पाणी या लहरी शोषते. जांभ्याची जाड भिंत पावसाळ्यात ओल धरते. शिवाय आपले शरीरही पाण्याचेच, फोन एका खिशात आणि हेडफोनची अँटेना दुसऱ्या बाजूला असली तरी काही वेळा आवाज तुटतो. खोक्यावरचे १० मीटर मोकळ्या जागेचे असतात. कोणतेही हेडफोन घेतले तरी माजघर ते पडवी हे अंतर भिंतीआडून जमेलच असे धरून चालू नका. फोन बरोबर न्यावा, हेच बरे.


कर्णवेध, सावंतवाडी

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. दोन गोष्टी आवर्जून सांगते.

आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशी होण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. कानाची नळी बंद करणारे रबरी टोक तासन् तास घालून ठेवले की आत घाम आणि उष्णता कोंडते आणि बुरशीला आयतीच जागा मिळते. न्हाऊन आल्यावर ओल्या कानात इयरबड घालणाऱ्यांत हे मी वारंवार पाहते. कान खाजत असेल, भरल्यासारखा वाटत असेल, तर कानात घालायचे हेडफोन बंद करून आधी कान दाखवून घ्यावा, तेल वगैरे घालू नये. गाणाऱ्या माणसाने तर याबाबत हयगय करूच नये. यामुळे केवडाताईंना माझा सल्ला कान बाहेरून झाकणाऱ्या प्रकाराचा आहे. त्यातही दर पाऊण तासाने ते काढून कान मोकळे करावेत आणि गाद्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

दुसरे आवाजाच्या पातळीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. दर ३ डेसिबलला कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास असा हिशेब निम्मा-निम्मा होत जातो. पावसाच्या किंवा गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठी आपण नकळत कळ दाबत जातो आणि पाऊस थांबला तरी ती पातळी खाली आणायचे राहते. ऐलतीर यांनी सांगितलेली घट्ट गादी आणि प्रवासातली एएनसी या दोन्हींचा खरा लाभ मला हाच दिसतो की आवाज वाढवावा लागत नाही. कान गेला की सूक्ष्म स्वर आधी जातात आणि ते औषधाने परत येत नाहीत.


माडाची सावली, दापोली

सर्वांच्या सल्ल्याशी सहमत आहे, पण एक बाजू मांडावीशी वाटते. वैशाखातल्या घामात कान झाकणारे जड हेडफोन घालून तासभर बसणे माझ्यासारख्याला जमत नाही. मी साधा नेकबँड वापरतो. त्यालाही उघड्या पिना नसतात, डबी हरवण्याची भीती नसते आणि किंमत निम्म्याहून कमी पडते. शिकवणीचा प्रश्न नसता तर मी ताईंना तोच सुचवला असता.

तारेबद्दल मात्र खर्जषड्ज यांच्या म्हणण्याला माझा पूर्ण दुजोरा आहे, आणि त्याला आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती. तारेची सोय असलेले बहुतेक हेडफोन बॅटरी संपल्यावरही वाजतात. फोन गाडीच्या चार्जरवर थोडा थोडा चार्ज करून आई संध्याकाळची भजने त्या तारेच्या हेडफोनवर ऐकत असे, हे मला अजून आठवते.


केवडा, गुहागर

सर्वांचे मनापासून आभार. खर्जषड्ज यांनी सांगितलेली तपासणी काल रात्री केली. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या फोनवर तानपुरा लावला आणि मी डावा इयरबड घालून कॉल घेतला. तोच चेपलेला, नाकातून आल्यासारखा नाद. ब्लूटूथ बंद केले आणि फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर पंचमाची तार छेडली गेल्यावर तिच्यामागून येणारी गुणगुण स्पष्ट ऐकू आली. दीड वर्ष मी नेटवर्कला दोष देत बसले आणि बाईंना दर वेळी 'पुन्हा एकदा दाखवा' म्हणत राहिले, याचे वाईट वाटले.

आता एक शंका. पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमध्ये माझाच आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा येतो, मुलीचे घालून पाहिले तेव्हा कळले. अशाने सूर चुकणार नाही का? आणि हल्ली ब्लूटूथचा जो नवा प्रकार येतो आहे, त्यात ही माइकची अडचण सुटते असे मुलगी म्हणते. तर थांबावे का?


खर्जषड्ज, रत्नागिरी

शंका अगदी रास्त आहे. कान बंद केला की हाडांतून जाणारा स्वतःचा आवाज आतच कोंडतो आणि खालचा भाग फुगतो, त्यामुळे गाणारा आपला स्वर चुकीचा तोलतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही अनेक गायक एक कान उघडा ठेवतात. आपणही शिकवणीत एक बाजू कानामागे सरकवून ठेवा. ती हवेत मोकळी ठेवू नका, नाहीतर तिच्यातून बाईंचा आवाज फोनच्या माइकमध्ये शिरून त्यांना स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येईल. एकच कान वापरायचा तर फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीत, 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज त्या एका कानात येईल. रात्री ध्वनिमुद्रणे ऐकताना ते बंद करायला विसरू नका.

आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. 'एलई ऑडिओ' हा तो प्रकार. ब्लूटूथ ५.२ पासून, म्हणजे २०२० पासून, त्याची पायाभरणी झाली. त्यात एलसी३ नावाची नवी पद्धत आहे आणि माइक चालू असतानाही आवाज पुष्कळच चांगला राहू शकतो. पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोघांतही तो असावा लागतो. अँड्रॉइडमध्ये तो १३ व्या आवृत्तीपासून आला असला तरी फोनचे आतले भागही त्यासाठी तयार असावे लागतात, आणि आपला फोन तीन वर्षांपूर्वीचा आहे. हेडफोनच्या खोक्यावर नुसते 'ब्लूटूथ ५.३' लिहिलेले असले म्हणजे एलई ऑडिओ आहे, असे होत नाही. आपल्याला शिकवणी आत्ता हवी आहे. तारेची सोय असलेले हेडफोन घ्या, थांबू नका.

तानपुऱ्याच्या ॲपसाठी बिनतारी वापरायला काहीच हरकत नाही. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो, पण अखंड नादाला उशीर कसला? ठेक्याबरोबर गातानाही आपण कानात येणाऱ्या ठेक्यालाच धरून गाता, त्यामुळे चालते. फक्त त्याच फोनवर ठेका वाजवत आपले गाणे मुद्रित केले, तर गाणे ठेक्याच्या मागे पडलेले आढळेल. तेव्हाही तारच लावावी.


केवडा, गुहागर

आज चिपळूणला जाऊन आले. दोन दुकाने पाहिली. पहिल्या दुकानात तार लावायची खाच दाखवा म्हटल्यावर, 'बिनतारी घेताय तर तार कशाला?' असा प्रश्न आला. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र पाच हेडफोन काढून ठेवले आणि माझा तानपुरा पाचांवर लावू दिला. चष्मा लावून, तानपुरा आणि एक जुनी बागेश्री लावून प्रत्येकी पंधरा मिनिटे ऐकले. दोनांत खर्ज एवढा पसरला होता की षड्जाची जोडी एकत्र आहे की जरा वेगळी, हेच कळेना. एकाची पकड कानशिलांवर फार आवळत होती. उरलेल्या दोनांपैकी जे हलके आणि ज्याच्या गाद्या सुट्या मिळतात, ते घेतले. तारेची खाच आहे, एएनसी आहे, एलडॅक नाही. केबल खोक्यात नव्हती, ती आणि डॅकचा ॲडॉप्टर वेगळा घेतला. सगळे मिळून ठरवलेल्या रकमेपेक्षा तीनशे रुपये वर गेले.

संध्याकाळी शिकवणी होती. पाऊस कौलांवर पडतच होता. तार लावली, उजवा कान उघडा ठेवला, मोनो चालू केले आणि बाईंनाही ओरिजिनल साउंड सुरू करायला सांगितले. त्यांनी पूर्वांगातला कोमल गंधार लावला आणि तो मध्यमाकडून थोडा ओढून खाली आणला. ती ओढ मला पहिल्यांदाच कानाला लागली. मी तो तसाच म्हणून दाखवल्यावर बाई क्षणभर थांबल्या आणि 'आज नेटवर्क बरं आहे का गं?' असे त्यांनी विचारले.

हेडफोन आता पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पापडाच्या डब्यात ठेवले आहेत.